दादाची नोकरी

दादा सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे म्हटले की आमच्या वर्गातल्या मुली डोळे मोठे करतात. त्यांच्या डोळ्यांपुढे काचेची इमारत आणि झरझर धावणारी बोटे असतात. प्रत्यक्षात २०२० च्या मार्चपासून आमचा दादा नाशिकरोडच्या घरातच, आईच्या शिलाई मशीनशेजारी, लॅपटॉप मांडून बसतो. कंपनी मात्र पुण्यात! मी मराठी साहित्याची विद्यार्थिनी. त्याच खोलीत माझाही अभ्यास चालतो, त्यामुळे त्याचा दिवस मला पाठ आहे.

सकाळी सर्वांची एक छोटी बैठक. काल काय केले, आज काय करणार, कोठे अडले. त्यानंतर तो भराभर प्रोग्राम लिहीत असेल, असे तुम्हांला वाटेल. छे! बहुतेक वेळ तो वाचतच असतो. तेही दुसऱ्याने लिहिलेले, आणि लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. ही ओळ त्याने येथे का बरे घातली असेल? शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी करताना एकनाथांनाही असेच प्रश्न पडले असतील. फ्रेड ब्रुक्स या अमेरिकन जाणकाराने १९७५ सालीच हिशेब मांडून ठेवला आहे: एक तृतीयांश वेळ आखणीला, निम्मा तपासणीला आणि प्रत्यक्ष लिहिण्याला फक्त सहावा हिस्सा. दादाला तेवढाही मिळाला तर चैन वाटते.

अण्णांना हे काम पटत नसे. त्यांची सारी नोकरी नोटांच्या छापखान्यात झाली. भोंगा झाला की काम संपले. रात्री ते विचारत, ‘आज काय केलंस?’ एकदा दादा म्हणाला, ‘दोन दिवस शोधून एक ओळ बदलली.’ मला वाटले, आता अण्णा हसणार. पण अण्णांचा जन्म छापील कागदांतले दोष हुडकण्यात गेलेला. त्यांनी एवढेच विचारले, ‘नजरेतून सुटली असती तर किती जणांना भोवली असती?’ त्या रात्री दोघे उशिरापर्यंत बोलत बसले.

खरी अडचण आहे ती भोंगा नसण्याची. न्यूयॉर्कची मंडळी उन्हाळ्यात सकाळी नऊला कामावर बसतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. नोव्हेंबरात तिकडची घड्याळे तासभर मागे जातात आणि आमच्या घरचे जेवण तासभर पुढे. शिवाय महिन्यातून एक आठवडा फोन उशाशी ठेवून झोपायचे. रात्री दोनला कोठे काही बंद पडले तर उठायचे. आई चिडते, पण चहा करून देते.

हल्ली रात्री साडेनऊला अण्णा खोलीच्या दारात येऊन तोंडाने भोंगा वाजवतात. दादा हसून लॅपटॉप मिटतो. फोन मात्र ताटाशेजारी ठेवतो.