लोखंडाला भाव आहे म्हणून

जालन्याची सळई महाराष्ट्रभर बांधकामांवर दिसते; ती कशापासून होते, याची चौकशी सहसा कुणी करत नाही. इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या इंडक्शन भट्ट्यांमध्ये स्पंज आयर्नच्या जोडीला पडतं ते भंगार: मोडका पलंग, गंजलेला पत्रा, झिजलेला फाळ, कारखान्यातली कात्रणं. केंद्र सरकारच्या २०१९च्या पोलाद-भंगार धोरणातल्या हिशेबाप्रमाणे एक टन भंगार वितळवलं की ११०० किलो लोहखनिज, ६३० किलो कोकिंग कोळसा आणि ५५ किलो चुनखडी वाचते. पण हा हिशेब भट्टीच्या तोंडाशी सुरू होतो. ते भंगार गल्लीबोळांतून कुणी गोळा केलं, कुणी निवडलं, हे त्यात कुठेच येत नाही.

भंगारवाल्याच्या हातगाड्यावर तराजूशेजारी दोरीला बांधलेला लोहचुंबक असतो. वस्तू चिकटली तर लोखंड, नाही तर पितळ, तांबं किंवा जर्मन (म्हणजे ॲल्युमिनियम). आणि त्यावर भाव कुठल्या कुठे जातो. बिडाचा ढीग वेगळा, पत्र्याचा वेगळा. वायरीतलं तांबं सोलून काढायचं. हे चार पैसे जास्त मिळावेत म्हणून चालतं खरं, पण भट्टीची गरजही नेमकी हीच असते. इंडक्शन भट्टी माल वितळवते, तो शुद्ध करणं तिला फारसं जमत नाही. बिडातून आलेला फॉस्फरस बराचसा तसाच राहतो, आणि पोलादात एकदा मिसळलेलं तांबं तर व्यवहारात कुठल्याच भट्टीला बाहेर काढता येत नाही. तोंड बंद असलेली टाकी किंवा गाडीचा शॉकॲब्सॉर्बर चुकून आत गेला तर स्फोट ठरलेला. म्हणजे ही निवडानिवड पोलादनिर्मितीची पहिली पायरी आहे. फक्त ती कारखान्याच्या कुंपणाबाहेर होते, आणि हजेरीपटाबाहेरही.

लोखंडाचा तुकडा रस्त्यावर पडून राहत नाही, याचं श्रेय जनजागृतीच्या फलकांना नाही, त्याच्या भावाला आहे. त्याच रस्त्यावरच्या पातळ पिशव्या, वेफर्सची पाकिटं आणि २०१२पासून राज्यात बंदी असलेल्या (कागदावर तरी!) गुटख्याच्या पुड्या नाल्यांतून कुंडलिका नदीकडे जातात. प्लॅस्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेली पुडी सोडवायची कुणी आणि विकायची कुणाला? बाजार मालाचे पैसे देतो, कामाचे देत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की मालाचा भाव बाजाराने द्यावा, पण गोळा करण्याची आणि निवडण्याची मजुरी महापालिकेने द्यावी. आजची रीत अनेक शहरांत उलटी आहे. टनावर पैसे घेणाऱ्या ठेकेदाराला कचरा जितका जड तितका बरा. तो हलका करणाऱ्या कचरावेचक बाईला मात्र डेपोवरून हाकललं जातं.

यावर पहिला आक्षेप चोरीचा. शेतातल्या मोटारींच्या केबली कापून तांबं विकलं जातं, हे काही खोटं नाही. पण त्यावरचा इलाज नोंदणी आणि ओळखपत्र हाच आहे. सगळ्यांनाच संशयित ठरवलं की चोर गर्दीत लपतो. ऑक्टोबर २०२४पासून नोंदणी नसलेल्याकडून धातूचं भंगार घेतलं तर त्यावरचा जीएसटी नोंदणीकृत खरेदीदाराने भरायचा असतो. करापुरता हा बिगरनोंदणीचा विक्रेता सरकारला दिसतो, मजुरीपुरता दिसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जातीने आणि गरिबीने माथी मारलेलं, हात कापणारं हे काम टिकवायचंच कशाला? यंत्रं आणा, कंपन्या आणा. कैरोने २००३च्या सुमारास तसंच केलं. परदेशी कंपन्यांना कंत्राटं दिली, आणि पिढ्यानपिढ्या कचरा निवडणारे झब्बालीन बाजूला पडले. त्यांच्या हातून कचऱ्याचा सुमारे ८० टक्के भाग पुन्हा वापरात जात होता, असे अंदाज आहेत. कंपन्यांवर अट होती २० टक्क्यांची. पुण्याने दुसरी वाट धरली. तिथे १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि तिच्यातूनच निघालेल्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने २००८मध्ये महापालिकेशी करार केला. घरोघरचं सेवाशुल्क कचरावेचकांना मिळतं, शिवाय विकलेल्या भंगाराचे पैसे त्यांचेच. तिथेही करार वाढवून घेताना ओढाताण होते. तरी उकिरडा उपसण्याऐवजी दारातून निवडलेला कचरा घेणं हा बाईच्या दृष्टीने मोठा फरक आहे. काम बंद केल्याने जात जात नाही, रोजी जाते.

जालना २०२३मध्ये महानगरपालिका झालं. २०१६पासून घनकचरा नियमांनी कचरावेचकांना ओळख देऊन व्यवस्थेत सामावून घेण्याचं बंधन स्थानिक संस्थांवर आधीच घातलेलं आहे, तेव्हा निवडीसाठी शेड, वजनकाटा आणि घरामागे ठरलेलं शुल्क निविदेत लिहायला वेगळा कायदा लागत नाही. पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न उरतोच. भट्टीवाल्यांकडेही त्यातला वाटा मागायला हरकत नसावी. बीड आणि तांबं बाजूला होऊन आलेल्या मालाचा फायदा त्यांच्याच सळईला होतो.