आपण पाच आहोत ना?



खोपोलीजवळ 2013 साली इमॅजिका उद्यान सुरू झाले. पुढे एका सुट्टीत मी, पत्नी, बहीण व दोन भाचे बुऱ्हाणपूरहून तेथे गेलो. मुक्कामाला हॉटेलात तिघांची एकच खोली घेतली. वाटले, धर्मशाळेसारखी सतरंजी अंथरू, मोजतो कोण? रजिस्टरमध्ये मी 'तीन' लिहिले. तिसरीतला भाचा मोठ्याने म्हणाला, "मामा, आपण पाच आहोत ना?"

प्रार्थनेच्या वेळी खरेपणावर बोलणारा मी, मान खाली घालून आकडा सुधारला. जादा गादी, नाश्ता यांचे पैसे माणशी भरले. ते रास्तच होते.

पालकांनी सहलीआधी जादा माणसाचा दर विचारून घ्यावा. न परवडल्यास साधी जागा बघावी. आणि मुलांनो, तुम्ही असेच मोठ्याने मोजत राहा.