मांजराची पावती

कोल्हापूरहून मुंबईस जाणारी महालक्ष्मी एक्सप्रेस मिरज, सांगली, सातारा मागे टाकीत रात्रभर धावते. या प्रवासात मांजर सोबत न्यावयाचे, तर प्रथम श्रेणीतील 2 शायिकांचा कूपे अथवा 4 शायिकांची केबिन संपूर्ण आपली असावी लागते. पशुवैद्यकाचा दाखला पाहिला जातो. पार्सल कार्यालयात वजन करून सामानाच्या दराने पावती मिळते. कूपे न लाभल्यास गार्डच्या डब्यातील पिंजरा उरतो. मांजराचे कान माणसाहून तीक्ष्ण. पुलाचा प्रत्येक गडगडाट त्यास संकट वाटतो. पहाटे खंडाळ्याचा घाट उतरेपर्यंत घरच्यांचा ओळखीचा आवाज हाच त्याचा धीर. म्हणून दुसऱ्या शायिकेचे भाडे तोट्याच्या खात्यात मांडू नये. पावतीवर ते सामान असले, तरी टोपलीत थरथरतो तो जीवच.