मॅकिनॉचा पूल आणि सात तारा
डिअरबॉर्नहून आय-७५ महामार्गाने उत्तरेकडे गेले की मॅकिनॉ सिटी लागते आणि समोर येतो सुमारे पाच मैलांचा पूल. १९५७ साली तो खुला झाला. एका अंगाला मिशिगन सरोवर, दुसऱ्या अंगाला ह्युरॉन. मागे कॅम्पिंग ट्रेलर ओढत तो ओलांडायचा भाच्याचा बेत होता.

असरची नमाज झाल्यावर दिवे तपासले. डावा इंडिकेटर लावला की सगळेच दिवे लुकलुकायचे! सात पिनांचा प्लग उघडला. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. आतले पितळ हिरवे पडलेले, पांढरी अर्थची तार एका धाग्यावर.

“मामू, रंगाला रंग जोडून टाकू.”

“थांब बेटा. निळी ब्रेकची आहे. ती चुकली तर?”

तिथे तारांच्या रंगांच्या दोन रीती आहेत. एकीत तपकिरी तार मागच्या दिव्यांची, दुसरीत उजव्या इंडिकेटरची. म्हणून ट्रेलरची बॅटरी सोडवली, कारण काळ्या तारेत तिचा प्रवाह असतो. मग दुसऱ्या बॅटरीची फ्यूजवाली तार एकेकीला टेकवली. जे पेटले ते लिहून घेतले. निळीला टेकवताच चाकांतून गुणगुण आली. अर्थ घट्ट आवळून नवा प्लग बसवला.

मगरिबनंतर पुलावर चढलो. मधल्या झुलत्या भागात आतल्या लेनला लोखंडी जाळी आहे, टायर घुमू लागले. सूनबाई दुआ पुटपुटत होती. भाचा मात्र आरशात ट्रेलरचे पिवळे दिवे बघत होता.