टोकावरून ओळख

पेशीत हजारो प्रथिनं एकमेकांना घासत फिरत असतात. एन्झाइम, म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं विकर, त्यातलं नेमकं हवं तेच प्रथिन कसं हेरतं? एवढंच मी भाचीला विचारलं. ती मायक्रोबायोलॉजी शिकते. तिनं २००९चा एक शोधनिबंध पाठवला. पहिले लेखक मानस सांत्रा. काम अमेरिकेत झालेलं. सांत्रा नंतर पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएस या संशोधन संस्थेत आले. शीर्षक वाचण्यातच माझा चहा निवला.

निबंधातला नायक एफबीएक्सओ३१. तो प्रथिन धरतो. मग त्याचे जोडीदार त्या प्रथिनावर युबिक्विटिन नावाचं ७६ अमिनो आम्लांचं चिमुकलं प्रथिन चिकटवतात. अशा खुणांची माळ लागली की प्रोटिआसोम त्या प्रथिनाचे तुकडे करतो. या यंत्रणेच्या शोधाला २००४चं नोबेल मिळालं. म्हणजे मी ज्याला एन्झाइम समजत होते तो एन्झाइमचा फक्त एक भाग निघाला.

"कळलं! कुलूप-किल्ली," मी ऐटीत म्हणाले. एमिल फिशरची १८९४ची कल्पना, शाळेत पाठ केलेली.

"मावशी, मग एफबीएक्सओ३१ ज्याला धरतो ते सायक्लिन डी१ प्रथिन कायमच तुटत राहील. पेशीला विभाजनासाठी ते लागतं. डीएनएला इजा झाली की ते तोडायचंय." म्हणून सायक्लिनच्या २८६व्या जागेवरच्या थ्रिओनिन या अमिनो आम्लाला फॉस्फेट जोडलं जातं, असं निबंधात होतं. किल्लीला ऐनवेळी दात फुटतात म्हणायचे! २८६ हा आकडा मी घोकून टाकला.

मग २०१८चा निबंध आला. स्फटिकातली रचना पाहिली तर एफबीएक्सओ३१नं सायक्लिनचं शेवटचं टोक पकडलेलं, आणि फॉस्फेटची गरजच नाही. २०२१मध्ये आणखी निबंध: या सायक्लिनचा निकाल मुख्यतः अॅम्ब्रा१ नावाचं दुसरंच प्रथिन लावतं. माझं घोकलेलं सगळं पाण्यात.

२०२५चा निबंध मात्र मी स्वतः शोधला. प्रथिनाच्या टोकाला एरवी आम्लाचा गट असतो. ऑक्सिडेशननं साखळी तुटली की कधी तिथे अमाइड उरतं, म्हणजे ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजन. हजारो अणूंत एवढाच फरक, आणि एफबीएक्सओ३१ तेवढ्यावर ते प्रथिन धरतो! मी घाईनं भाचीला फोन केला.

"मग सायक्लिनच्या टोकाला तर अमाइड नाही. ते कसं धरतो गं तो?" तिनं विचारलं.

मी वही चाळत बसले.