दीड तासाचें अंतर

गेल्या मार्गशीर्षांत मुंबईहून पुतण्याचा फोन आला. "काका, अण्णांची प्रकृति फार बिघडली आहे. लौकर या." अण्णा म्हणजे माझे वडील बंधु. भद्रावतीच्या ह्याच घरीं आम्ही दोघे लहानाचे मोठे झालों. सूनबाईनें तत्काळ विमानाचें तिकीट काढलें व ती म्हणाली, "मामंजी, काळजी नको. नागपूर ते मुंबई अवघा दीड तास!"

रात्रीं झोंप येईना. मास्तरकीची खोड, नकाशा उघडून बसलों. लोहमार्गानें नागपूर ते मुंबई ८३७ किलोमीटर, आकाशमार्गानें सुमारें ६८०. गाडीला वर्धा, अकोला, भुसावळ करीत शेवटीं घाट उतरावा लागतो. विमानास तें बंधन नाहीं. आमच्या नागपुराजवळच्या रामटेकास पुष्कळ विद्वान् 'मेघदूतां'तील रामगिरि मानतात. यक्षानें मेघाला वाट वांकडी करून उज्जयिनीस जावयास सांगितलें होतें. निरोप्यास वळसा चालतो. भेटीस निघालेल्यास तो चालत नाहीं.

पहाटे चारला घर सोडलें. नागपूर येथून सुमारें सव्वाशे किलोमीटर. विमानतळावर दोन तास आधीं हजर राहणें आलेंच. तेथें बसल्या बसल्या आठवलें कीं, १९४९ सालीं रात्रीची हवाई टपाल सुरू झाली, तेव्हां दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीं नागपुरास एकत्र येत आणि थैल्यांची अदलाबदल करून परत फिरत. देशाच्या मध्यावर असण्याचा हा लाभ! पण त्या काळीं उडत तीं पत्रें. आमच्यासारखीं माणसें पुढें कित्येक वर्षें आगगाडीनेंच जात.

१९८४ सालीं वडील अण्णांकडे मुंबईस अत्यवस्थ झाल्याची तार आली, तेव्हां मीहि भांदक स्टेशनावर गाडी धरली, नागपुरास ती बदलली व रात्रभर जागा राहिलों. दारीं पोंचलों तों मंडळी स्मशानांतून परतलीं होतीं.

ह्या खेपेस विमान प्रत्यक्ष आकाशांत सव्वा तासच होतें. बाकीची मिनिटें धांवपट्टीपर्यंत सरकण्यांत व उतरल्यावर थांबण्यांत गेलीं. मग सामान, मग मुंबईची वाहतूक. अण्णांच्या दारीं पाऊल ठेविलें तेव्हां दुपारचा एक वाजला होता. दीड तासाचे नऊ तास झाले होते.

अण्णा जागे होते. माझा हात हातांत घेऊन त्यांनीं विचारलें, "केव्हां निघालास?"

"पहाटे."

"आजच्या?" असें म्हणून ते हंसले. त्या रात्रीं आम्ही परसांतल्या विहिरीविषयीं, आईच्या हातच्या वड्यांविषयीं आणि वडिलांविषयीं पुष्कळ बोललों. तिसऱ्या दिवशीं अण्णा गेले.

मुंबई किती लांब, असें हल्लीं नातवंडें विचारतात. मी सांगतों, "घरापासून घरापर्यंत नऊ तास." आणि ते मला पुरले, हें मनांत म्हणतों.