सही करून बसलोय, दादा!

परवा चाकणच्या तळेगाव चौकात चहा घेताना ओळखीच्या पोरानं इंग्रजी बाँड पुढं केला. "दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर लाख रुपये भरायचे. न वाचताच सही करून बसलोय, दादा."

पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजच्या प्रा. नीलिमा भडभडे आठवल्या. त्यांनी करार कायदा शिकवला, शिवाय १९०५ पासून चालत आलेल्या 'पोलॉक-मुल्ला' ग्रंथाच्या नव्या आवृत्त्या संपादित केल्या. वकील आजही तोच ग्रंथ उघडतात.

१८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ सांगतं, बाँडमध्ये आकडा लिहिला म्हणून तो सगळा वसूल होत नाही. मिळते ती वाजवी भरपाई, तीही त्या आकड्याच्या आतच.

पोराला हे ठाऊक नव्हतं. खरं सांगतो, परवापर्यंत मलाही नव्हतं. एवढी विद्या पुण्यात, आणि एमआयडीसीच्या गेटवर ती मराठीत सांगणारं कुणी नाही!

मित्रांनो, सहीआधी कागद वकिलाला दाखवा.